सेलेनियमयुक्त यीस्ट आणि धिंगरी: बुरशी नेमकं काय करते, आणि आपण काय मोजायचं?

आंबवण

'सेलेनियम अळिंबीचं खास स्पॉन' म्हणून सध्या चढ्या भावाने बियाणं विकलं जातंय. ओळखीतल्या धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) उत्पादकांनी त्याबद्दल विचारलं. फोनवर सगळं सांगणं होईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं काम यीस्टच्या फर्मेंटरवरचं, त्यामुळे यीस्टबद्दल जास्त लिहीन. अळिंबीवाल्यांनी भर घालावी.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: सेलेनियम हे मूलद्रव्य आहे. कुठलीही बुरशी, कुठलंही यीस्ट ते 'तयार' करू शकत नाही. काडात, पाण्यात, मळीत जेवढं असेल त्यातलंच थोडंफार बुरशीत उतरणार. बुरशीचं काम रूप बदलण्याचं. सोडियम सेलेनाइटसारखा विषारी क्षार ती उचलते आणि त्यातलं सेलेनियम स्वतःच्या प्रथिनांत बसवते.

हे जमतं कसं? गंधक आणि सेलेनियम आवर्तसारणीत एकाच गटात, एकाखाली एक. दोघांचं रसायन इतकं मिळतंजुळतं की मेथिओनीन हे अमिनो आम्ल बनवताना गंधकाच्या जागी सेलेनियम आलं तरी पेशीला ते कळत नाही. तयार होतं सेलेनोमेथिओनीन, आणि ते प्रथिनात मेथिओनीनच्या जागेवर बसतं. यीस्टला स्वतःला सेलेनियम लागत नाही. आपल्याला लागतं. माणसाच्या शरीरात २५ सेलेनोप्रथिनं आहेत. पेशीतल्या पेरॉक्साइडचा निचरा करणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्यातलंच, आणि थायरॉइडच्या टी-४ संप्रेरकाचं टी-३ करणारी विकरंही (एन्झाइम) त्यातलीच.

गंमत अशी की सेलेनियम शरीराला आवश्यक आहे हे कळलं तेच मुळी यीस्टमुळे. त्याआधी ते निव्वळ विष म्हणून माहीत होतं. टोरुला यीस्टवर पोसलेल्या उंदरांची यकृतं सडायची आणि बिअरचं यीस्ट दिलं की वाचायची. त्या यीस्टमध्ये असं काय आहे याचा शोध घेता घेता क्लाउस श्वार्त्झ आणि कॅल्विन फोल्ट्झ यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं की वाचवणारा घटक सेलेनियम आहे. टोरुलात ते जवळजवळ नव्हतंच.

आता फर्मेंटरवर काय चालतं ते. मळी स्वच्छ करून, पाणी घालून, थोडी थोडी सोडायची. एकदम सोडली तर भरपूर हवा असूनही यीस्ट दारू बनवत बसतं, वाढत नाही. तापमान ३० अंशांच्या आसपास, सामू (पीएच) ५ च्या जवळ. वाढ जोरात असताना सोडियम सेलेनाइटचं द्रावण थेंबाथेंबाने. इथे घाई केली की पेशी दोन प्रकारे निषेध नोंदवते. बाहेर जाणाऱ्या हवेला लसणासारखा उग्र वास येतो, म्हणजे सेलेनियम डायमिथाइल सेलेनाइड होऊन उडून चाललंय. आणि क्रीम रंगाचं यीस्ट गुलाबी, मग विटकरी दिसायला लागतं. तो लाल रंग मूलद्रव्यरूपातल्या सेलेनियमचा. पेशीने विष निष्क्रिय करून कणाकणाने बाजूला टाकलेलं असतं, प्रथिनात बसवलेलं नसतं. चांगल्या बॅचचं सुकलेलं यीस्ट फिकट तपकिरी असतं, त्यात लाली नसते.

मग सेपरेटरमधून काढून यीस्ट पुन्हा पुन्हा धुवायचं. हे धुणं फार महत्त्वाचं, कारण पेशीला नुसता चिकटलेला सेलेनाइट आपल्याला नको असतो. शेवटी उष्णता देऊन मारायचं आणि वाळवायचं.

युरोपीय संघाचा नियम मला यासाठी आवडतो की तो एका आकड्यावर थांबत नाही. सुक्या यीस्टमध्ये सेलेनियम ग्रॅमला २.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, त्यातलं ६० ते ८५ टक्के सेलेनोमेथिओनीन असावं, आणि असेंद्रिय सेलेनियम १ टक्क्याच्या वर नको. किती आहे आणि कोणत्या रूपात आहे, दोन्ही विचारलंय. हे दोन प्रश्न न विचारता 'सेलेनियमयुक्त' या शब्दाला पैसे मोजू नयेत, एवढंच मला सांगायचंय.

काडकुटार

आंबवणदादा, धागा काढलात ते बरं केलंत. सातारा भागात माझं छोटं धिंगरी युनिट आहे. मला ते स्पॉन दाखवायला आणलं होतं. गव्हाच्या दाण्यावरचं, फ्लोरिडा या धिंगरीच्या नेहमीच्या जातीच्या साध्या स्पॉनसारखं दिसत होतं. विक्रेत्याचं म्हणणं, 'या जातीतच सेलेनियम आहे, तुम्ही नेहमीसारखे बेड भरा.' म्हणजे हे शक्यच नाही?

आंबवण

ताई, जातीजातीत फरक असतो, पण तो किती शोषून घेते याचा. काडात नसेल तर शोषणार काय? समजा दाण्यात थोडं सेलेनियम मिसळलंही असेल. तुम्ही बेडला स्पॉन घालता ओल्या काडाच्या २ ते ३ टक्के. एवढ्याशा दाण्यांतून अख्ख्या बेडच्या पिकाला पुरेल इतकं यायचं, तर दाण्यात ते इतकं जास्त लागेल की बुरशीची वाढच खुंटेल.

त्यांच्याकडे एकच मागा: त्या स्पॉनवर, साध्या काडावर आलेल्या अळिंबीचा प्रयोगशाळेचा अहवाल.

लुधियान्याहून

काडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मूळचा नगरचा, नोकरीमुळे बरीच वर्षं पंजाबात. इथे नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही गावांत जमिनीतच सेलेनियम इतकं आहे की जनावरांचे केस गळतात, खुरांना भेगा पडतात, माणसांची नखंही खराब होतात. शिवालिकच्या डोंगरांतून पाण्याबरोबर आलेला गाळ हे त्याचं मुख्य कारण सांगतात. लुधियान्याच्या कृषी विद्यापीठाने या जमिनींवर पुष्कळ काम केलंय.

तिथल्या गव्हाच्या काडातही सेलेनियम उतरतं. ते काड जनावरांना घालायची चोरी, जाळलं तरी प्रश्न. भारतीय आणि इटालियन संशोधकांनी मिळून या काडावर धिंगरी वाढवली. २०१३ मध्ये त्याचा निबंध आला. बाहेरून एक कणही सेलेनाइट न घालता अळिंबीत साध्या काडावरच्या अळिंबीच्या तुलनेत कितीतरी जास्त सेलेनियम आलं.

मला ही कल्पना फार मोलाची वाटते. बाटलीतलं विष विकत आणून काडावर ओतण्यापेक्षा, जिथे ते आधीच डोईजड झालंय तिथलं काड वापरायचं. एका जिल्ह्याचा त्रास दुसऱ्या जिल्ह्याच्या ताटात पोषण म्हणून जाऊ शकतो.

आंबवण

अगदी. आणि तिथे गव्हाच्या रोपाने पहिलं रूपांतर आधीच केलेलं असतं, काडातलं बरंच सेलेनियम सेंद्रिय रूपात असतं. बुरशीच्या हाती कोरा सेलेनाइट पडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. बुरशी जशी सेलेनियम उचलते तशी कॅडमियम आणि आर्सेनिकही उचलते. कुठल्याही 'खास' जमिनीचं काड घेताना तेही तपासायला हवं.

गणितमास्तर

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून आकडेमोड माझ्याकडून. इथे मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅमची गल्लत झाली तर माणूस आजारी पडेल.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ भारतीयाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. अमेरिकेत हा आकडा ५५ आहे. वरची मर्यादा अमेरिकेने २००० मध्ये ४०० ठरवली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये आपली मर्यादा २५५ वर आणली. म्हणजे गरज आणि धोका यांच्यात सहा ते दहा पटींचंच अंतर आहे. फार कमी पोषकद्रव्यांत ते इतकं अरुंद असतं.

आता अळिंबी. ताज्या धिंगरीत साधारण ९० टक्के पाणी. १०० ग्रॅम ताजी म्हणजे १० ग्रॅम सुकी. सुक्या अळिंबीत ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम असेल तर एका भाजीतून ५० मिळाले, उत्तम. तेच ग्रॅमला ५० असेल तर एका भाजीतून ५००, म्हणजे दोन्ही मर्यादा ओलांडल्या. दोन्ही अळिंब्या दिसायला, चवीला सारख्याच.

सेलेनाइटचं बघा. निर्जल सोडियम सेलेनाइटच्या वजनात ४५.७ टक्के सेलेनियम. एका ग्रॅममध्ये साडेचार लाख मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे एका माणसाची अकरा हजारांहून जास्त दिवसांची गरज. एक किलो सुक्या काडाला ५ मिलिग्रॅम सेलेनियम द्यायचं ठरवलं, तर लागेल ११ मिलिग्रॅम पावडर. सोनाराच्या काट्यावरही ते नीट मोजता येणार नाही. त्यात पाच रेणू पाणी धरलेला क्षारही बाजारात मिळतो, त्यात सेलेनियम ३० टक्केच. लेबल न वाचता हिशोब केला की चुकलाच.

काडकुटार

मास्तर, धन्यवाद. हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे एका प्रशिक्षणात 'भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर टाका' असं सांगितलं होतं.

आंबवण

ताई, चिमूटभर हे मापच इथे चालत नाही. आणि टाकीतलं उरलेलं पाणी जातं कुठे? परसात, विहिरीच्या कडेला. हातमोजे, मास्क न घालता ती पावडर हाताळणारी बाई किंवा गडी कोण, तेही बघावं लागेल. युनिटवर हा क्षार आणूच नका. ज्यांना करायचंय त्यांनी प्रयोगशाळेकडून मोजून घेतलेलं पातळ द्रावण वापरावं, आणि तेही एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, सोलनला आयसीएआरचं अळिंबी संचालनालय आहे.

गोठ्यावरून

पशुवैद्यक आहे. आमच्याकडे सेलेनियम रोजचाच विषय. गाईची वार अडकते, वासरांना स्नायूंचा पांढरा रोग होतो, त्यामागे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. खनिज मिश्रणात सेलेनाइट असतंच. आता सेलेनियम यीस्टही येतं. फरक दुधात दिसतो. यीस्टमधलं सेलेनोमेथिओनीन दुधाच्या प्रथिनात बसतं, त्यामुळे दुधातलं सेलेनियम सेलेनाइटपेक्षा यीस्टने जास्त वाढतं.

पण मला विचारायचंय ते अळिंबी निघाल्यावर उरलेल्या काडाबद्दल. आमच्या भागात ते सर्रास गोठ्यात जातं.

आंबवण

डॉक्टर, फार महत्त्वाचा मुद्दा काढलात. टाकलेलं सगळं सेलेनियम अळिंबीत येत नाही. मोठा वाटा काडातच राहतो, आणि काड कुजून वजनाने घटल्यामुळे त्याचं प्रमाण चढतं. खनिज मिश्रण चालू असलेल्या गाईला वरून असं काड म्हणजे दुहेरी डोस. समृद्ध केलेल्या बेडचं काड न तपासता गोठ्यात नको.

गोठ्यावरून

बरोबर. कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मेलिनमध्ये भिजवलेल्या काडालाही मी नाहीच म्हणतो. त्यात सेलेनियमही असेल तर दुपटीने नकार.

एस्पोकर

फिनलंडमधून लिहितेय. या देशाने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. इथल्या जमिनीत पिकांना मिळेल असं सेलेनियम फारच कमी. म्हणून १९८४ पासून रासायनिक खतातच सोडियम सेलेनेट (सेलेनाइटचाच भाऊबंद क्षार) मिसळायला सुरुवात झाली. धान्याच्या खताला किलोमागे १६ मिलिग्रॅम घालत होते; लोकांच्या रक्तातलं प्रमाण हवं त्यापेक्षा वर गेल्यावर १९९० मध्ये ते ६ वर आणलं. मग ते कमी पडतंय असं दिसल्यावर १९९८ मध्ये १०, पुढे २००७ मध्ये १५. हे सगळं सतत मोजत राहिल्यामुळे जमलं. गहू, दूध, मांस, रक्त, सगळ्यांचे नमुने नियमित तपासतात.

अळिंबीचंही एक सांगते. इथे जंगलात बोलेटस एड्युलिस भरपूर येते आणि तिच्यात निसर्गतःच खूप सेलेनियम असतं. १९८० च्या दशकात तरुण मुलींना ती खायला देऊन पाहिलं, तेव्हा शरीराने त्यातलं फारसं वापरलं नाही असं दिसलं. आंबवण म्हणतात तसं, कोणत्या रूपात आहे हा प्रश्न विचारायलाच हवा.

आंबवण

एस्पोकर, हे उदाहरण दिलंत ते फार चांगलं झालं. समृद्ध धिंगरीत सेलेनोमेथिओनीनचा वाटा मोठा मिळतो, म्हणून तिच्याकडून आशा आहे. पण 'अळिंबी' म्हणून सगळ्या एका रांगेत बसवता येत नाहीत. बटण वेगळी, शिताके वेगळी, धिंगरी वेगळी.

वाचनमात्र

आईला थायरॉइडचा त्रास आहे. सेलेनियम यीस्टच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, २०० मायक्रोग्रॅमच्या. सुरू कराव्यात का? कॅन्सरही टळतो असं लिहिलंय.

आंबवण

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉइडला सेलेनियम लागतं हे खरं, पण कमी नसलेल्याला जास्त दिल्याने फायदा होतोच असं नाही.

कॅन्सरच्या दाव्यामागची गोष्ट सांगतो, कारण ती यीस्टचीच आहे. अमेरिकेत त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १३१२ जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, यीस्टच्या रूपात. १९९६ मध्ये निकाल आला: त्वचेच्या कर्करोगाला फरक नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला. सगळीकडे उत्साह पसरला. मग २००१ मध्ये ३५ हजारांहून जास्त पुरुषांची मोठी चाचणी सुरू झाली, या वेळी शुद्ध सेलेनोमेथिओनीन. २००८ मध्ये ती मुदतीआधी थांबवली. फायदा दिसला नाही. त्या लोकांच्या रक्तात मुळातच सेलेनियम पुरेसं होतं. शिवाय पहिल्या चाचणीतल्या लोकांची पुन्हा पाहणी केली तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला.

ज्याला कमी आहे त्याला सेलेनियम वाचवतं. चीनच्या केशान परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा हृदयविकार त्याचा पुरावा आहे. तिथे मुलांना सोडियम सेलेनाइट देऊन तो रोग आटोक्यात आणला. आणि त्याच चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शीला जास्त सेलेनियममुळे लोकांचे केस आणि नखं गळून पडली. आईंना कमी आहे की नाही, हे आधी रक्त तपासून कळू दे.

गणितमास्तर

पुरवणी: २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक आहारात लेबलावर होतं त्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम गेलं. दोनशेच्या वर लोकांना बाधा झाली. केस गळणं, जुलाब, नखं बिघडणं. कारखान्यातल्या वजनात चूक झाली तर असं होतं. घरच्या टाकीत काय होईल याचा विचार करा.

वाचनमात्र

समजलं. गोळ्या मागवत नाही, आधी डॉक्टरांकडे जाऊन येते. मनापासून आभार.

उसाचा_मळा

आपल्याकडे कारखाने आणि मळी भरपूर. मग सेलेनियम यीस्ट इथेच का होऊ नये? आमच्या भागातल्या पोरांना काम मिळेल. फर्मेंटेशन शिकलेली मुलं घरी बसलीत.

आंबवण

व्हावंच, असं मला मनापासून वाटतं. तांत्रिक अडचण एक आहे, आणि ती आपल्या साखर करण्याच्या पद्धतीतून येते. आपले बहुतेक कारखाने पांढरी साखर करायला रसात गंधकाचा धूर सोडतात, डबल सल्फिटेशन. त्यामुळे मळीत गंधकाचे क्षार जास्त येतात. वर लिहिलं तसं, यीस्टमध्ये गंधक आणि सेलेनियम एकाच जागेसाठी भांडतात. गंधक मुबलक असलं की पेशी साधं मेथिओनीन बनवते, सेलेनियम बाहेर राहतं किंवा लाल कण होऊन बसतं. सेलेनाइट तर पेशीत शिरतो फॉस्फेटच्या वाटेने, म्हणजे फॉस्फेटही हात राखून द्यावं लागतं. मळी निवडून घ्यावी लागेल, किंवा रिफायनरीची, किंवा तिच्यातलं सल्फेट काढून घ्यावं लागेल. अशक्य काही नाही, पण 'मळी आहे म्हणजे झालंच' असंही नाही.

दुसरा खर्च तपासणीचा. प्रत्येक बॅचचं एकूण सेलेनियम आणि त्यातलं सेलेनोमेथिओनीन, दोन्ही. दुसरी चाचणी महाग पडते, आणि नेमकी तीच टाळायचा मोह होतो. जो हा खर्च पहिल्या दिवसापासून धरेल त्यानेच यात उतरावं. पोरांना काम मिळावं हे मलाही हवंय, आणि ते टिकणारं असावं.

उसाचा_मळा

सल्फेटचं माहीत नव्हतं. आमच्या कारखान्याच्या केमिस्टशी बोलतो. मळीचा सल्फेटचा आकडा त्यांच्याकडे असणार.

काडकुटार

मी ठरवलंय. ते स्पॉन थोडं घेते आणि तपासून बघते. नुसतं खोटं म्हणून सोडून दिलं तर पुढच्या गावात विकतील. नमुना कसा पाठवू?

आंबवण

छान. एकाच गंजीतलं काड घ्या, एकाच टाकीत भिजवा. निम्मे बेड त्या स्पॉनचे, निम्मे तुमच्या नेहमीच्या. दोन्हींचा पहिला बहर एकाच वेळी तोडा. बहराबहरात प्रमाण बदलू शकतं, म्हणून पहिल्याची तुलना पहिल्याशीच. सावलीत वाळवून मग मंद आचेवर कडकडीत करा, हवाबंद पिशवीत भरा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस या सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर एकूण सेलेनियम करायला सांगा, जमल्यास कॅडमियम आणि आर्सेनिकही. अहवाल सुक्या वजनावर, मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, असा मागा. भिजवण्याआधीचं मूठभर कोरडं काडही तिसरा नमुना म्हणून द्या, म्हणजे सेलेनियम आलं तर कुठून आलं ते कळेल.

गणितमास्तर

तपासणीच्या खर्चात माझा वाटा धरा, ताई. पिशव्यांवर स्पॉनचं नाव घालू नका, नुसतं अ, ब, क लिहा.

काडकुटार

चालेल. काड आणून ठेवलंय, या आठवड्यात भरते. अहवाल आला की जसा असेल तसा इथेच टाकते.